जाताना उजवी खिडकी, येताना डावी

गाडीनं लांब जायचं असलं की आपण बायका सकाळपासून पाणी बेतानंच पितो. खोटं नाही ना मैत्रिणींनो? कारण ‘जरा गाडी थांबवा’ असं म्हणायची वेळच यायला नको. म्हटलंच, तर उत्तर ठरलेलं असतं, ‘पुढे थांबू.’ आणि ते ‘पुढे’ बहुतेक वेळा मुक्कामाच्या गावीच येतं.

लग्न होऊन मी फलटणला आले ते २००१ साली. नणंदबाई डोंबिवलीला. त्यामुळे दिवाळी, बारसं, आजारपण या ना त्या निमित्तानं वर्षातून दोन-तीनदा आमची मुंबईकडे फेरी व्हायचीच. पहिल्या एक-दोन वेळा एसटीनं गेलो. तेव्हा गाडी जुन्या रस्त्यानं जायची. लोणावळा आलं की चिक्कीवाले खिडकीशी यायचे आणि घाटाचा गार वारा लागायचा. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि पुढे आमच्या घरी गाडी आली. मग काय विचारता! देहूरोडला मोठ्या रस्त्याला लागलं की यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठतच नसे. ‘दोन तासांत घाट उतरलो’ याचं कौतुक डोंबिवलीला पोचल्यावर चहाबरोबर व्हायचं. लोणावळा म्हणजे फूड मॉलवर मिळणारं चिक्कीचं पाकीट, एवढंच उरलं. मावळ म्हणजे तर नुसती पाटी. कामशेतचा बोगदा मागे पडला की ‘झालं, आता घाट’ असं आम्ही म्हणायचो.

या सगळ्या वर्षांत एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि ती मला दिसली नव्हती. सासूबाई मुंबईकडे जाताना नेहमी उजव्या खिडकीशी, म्हणजे यांच्या मागे बसायच्या. येताना डाव्या. मला वाटायचं, उन्हासाठी असेल. आणि कामशेतच्या पुढे कुठेतरी त्या डोळे मिटून हात जोडायच्या. मला वाटायचं, घाट येतोय म्हणून असेल.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या नववीतल्या लेकीनं कानातलं यंत्र काढलं आणि सरळ विचारलं, “आजी, तू इथे दर वेळी कोणाला नमस्कार करतेस?”

“आहे गं, आमच्याकडची देवी,” एवढं म्हणून त्या गप्प झाल्या.

आमच्याकडची, म्हणजे माहेरची. सासूबाईंचं माहेर चौल-रेवदंड्याचं, अगदी समुद्राला लागून. आणि माहेरची कुलदेवी कार्ल्याची एकवीरा. त्या रात्री डोंबिवलीला झोपायच्या आधी मी त्यांचे गुडघे चोळून देत होते. तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

हे चार वर्षांचे असताना विषमज्वरानं फणफणले होते. एकवीस दिवस ताप उतरेना. तेव्हा सासूबाईंनी एकवीरेला नवस बोलला, ‘पोर बरं होऊ दे, तुझा डोंगर चढून ओटी भरीन.’ सव्वा रुपया पिवळ्या फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवला. पोर बरं झालं. त्यांनी मामंजींजवळ एकदा विषय काढला. ते वाईट नव्हते हो, पण सरळ म्हणाले, “आपलं दैवत जेजुरीचं. माहेरची देवी माहेरच्यांनी बघावी.” झालं. त्यानंतर त्यांनी कुणालाच विचारलं नाही. मामंजी गेले, गाडी आली, आम्ही त्या डोंगराखालून वर्षातून चार-सहा वेळा ये-जा करत राहिलो आणि त्या खिडकी बदलत राहिल्या.

ती पिवळ्या फडक्याची पुरचुंडी मी वीस-बावीस वर्षं दर शुक्रवारी देव्हारा पुसताना उचलून बाजूला ठेवत होते. एकदाही विचारलं नाही, आई, यात काय आहे? तेव्हा यांना बोल लावायचा मला काय हक्क?

“त्याला सांगू नकोस. उगाच वाईट वाटेल,” त्या म्हणाल्या. मी सांगितलं नाही. पण पुढच्या फेरीच्या वेळी मी आधीच बजावून ठेवलं, “अहो, या वेळी देहूरोडवरून जुना रस्ता धरायचा. कार्ल्याला थांबायचंय. डोंबिवलीला संध्याकाळी पोचलो तरी चालेल, मी वन्संना फोन केलाय.” हे जरा चकित झाले, पण ‘बरं’ म्हणाले. गंमत सांगू का? इतकं सोपं होतं ते.

नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा होता. पहाटे चारला निघालो. तळेगाव मागे टाकलं, वडगाव आलं आणि दोन्ही बाजूंना भाताची खाचरं सुरू झाली. द्रुतगती मार्गावरून हे असं जवळून कधी दिसलंच नव्हतं. काही खाचरांत कापणी चाललेली, काहींत झोडणी. बायका डोक्याला पदर घट्ट बांधून पेंढ्या आपटत होत्या. आपण दुकानातून ‘इंद्रायणी’ तांदूळ आणतो ना, तो याच वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला वाण. आंबेमोहोराच्या वंशातला, म्हणून त्याला तो वास आणि तो मऊपणा. इतकी वर्षं आसट भात करून वाढत होते, आणि त्याचं गाव मात्र आज बघत होते.

कार्ला फाट्याला उजवीकडे वळलो. गाडी डोंगराच्या निम्म्यापर्यंत वर जाते. तिथून पुढे दोनएकशे पायऱ्या. दोन्ही बाजूंना ओटीची, हारांची, लिंबू-सरबताची दुकानं. सासूबाईंनी ओटीचं साहित्य घरूनच आणलं होतं. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि ती पुरचुंडी. लेकीनं एक हात धरला, मी एक.

पहिल्या पंचवीस-तीस पायऱ्या त्या भराभर चढल्या. मग एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. साठाव्या की सत्तराव्या पायरीला त्यांनी कठड्याला धरलं आणि खाली बसल्या. चेहरा घामानं भिजलेला. पाच मिनिटं, दहा मिनिटं गेली. उठायचा प्रयत्न केला, पण गुडघा साथ देईना.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “तू जा वर. माझ्या नावानं भर.” आणि मग, कुणाला उद्देशून नाही, आपलं असंच म्हणाल्या, “दहा वर्षांपूर्वी थांबलो असतो ना, तर तुमच्या सगळ्यांच्या आधी वर असते.”

यांनी विचारलं, “आई, पण कसला नवस होता?”

त्यांनी सांगितलं. हे काही बोलले नाहीत. पुरचुंडी माझ्या हातातून घेतली आणि माझ्या पुढे चढायला लागले.

वर गेल्यावर पहिलं दिसतं ते एकवीरेचं देऊळ, आणि त्याला अगदी लागून कार्ल्याचं भव्य लेणं. देवीच्या दारात आणि लेण्याच्या दारात काही पावलांचंच अंतर. लेण्याचं वेगळं तिकीट काढावं लागतं. आठवड्यातला मधला दिवस असल्यानं रांग लहान होती. मी ओटी भरली. यांनी पुरचुंडी सोडली. एक रुपयाचं जुनं नाणं आणि एक चार आणे. पंचवीस पैशांचं नाणं तर २०११ मध्येच चलनातून गेलं. बाजारात त्याला आता काही किंमत नाही. यांनी ते दोन्ही देवीच्या पुढ्यात ठेवलं आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

मग लेकीनं मला ओढत लेण्यात नेलं. आत गेलं की आवाज आपोआप खाली येतो. मधलं चैत्यगृह जवळजवळ ३८ मीटर लांब, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, खांबांवर हत्तींवर बसलेल्या जोड्या. आणि वर बघावं, तर छताला लाकडी कमानी. कोरलेल्या नव्हेत, खऱ्याखुऱ्या लाकडाच्या, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या! आमच्या घरातली खिडकीची चौकट पंधरा वर्षांत वाळवीनं खाल्ली, आणि इथे हे लाकूड अजून टिकून आहे.

इथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठनं ‘जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह’ म्हणून हे पुरं केल्याचं लिहिलंय. सोपाऱ्याहून आलेल्याचं दान आहे, ‘यवन’ म्हणवणाऱ्यांचीही दानं आहेत. सोपारा, कल्याण, चौल ही तेव्हाची भरभराटीची बंदरं. जहाजांतून उतरलेला माल बैलांवर लादून बोरघाट चढायचा, तो या मावळातूनच पुढे देशावर जायचा. म्हणजे घाट चढून आलेला व्यापारी, भिक्खू, वाटसरू इथे थांबत होते. समुद्रकाठचा माणूस इथे थांबतो, ही आजची गोष्टच नाही. आजही चैत्रात यात्रेला आणि नवरात्रात कोकणपट्टीतून आगरी, कोळी, कायस्थ प्रभू आणि इतर कितीतरी घरांची माणसं या डोंगरावर येतात. कोळीवाड्यांतून पालख्या येतात. थांबायचं विसरलो होतो ते आपण, मोठ्या रस्त्यावरून जाणारे!

खाली उतरलो, तर मला वाटलं होतं सासूबाई रडवेल्या होऊन बसल्या असतील. कसलं काय! अलिबागकडून आलेल्या चार-पाच बायका त्यांच्याभोवती पायऱ्यांवरच बसलेल्या. कुणाच्या अंबाड्यात अबोलीचा गजरा, कुणाच्या हातात सरबताचा पेला. आणि आमच्या सासूबाई त्यांच्याशी त्यांच्या बोलीत, हेल काढून, टाळी देऊन बोलत होत्या. कुणाची वाडी कुठली, कुणाची मावशी कुठे दिली, कुठल्या बोटीला काय लागलं, सगळं. चोवीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली संसार केला, पण ही भाषा मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. फलटणच्या स्वयंपाकघरात ती कुणाशी बोलणार होत्या त्या?

मी त्यांना हळदकुंकू लावलं, प्रसादाचा नारळ पदरात घातला. त्यातली एक बाई म्हणाली, “देवीला पायऱ्या मोजायच्या नसतात हो. निम्म्यावर आलात, पोचलात.” सासूबाई यांच्याकडे बघून म्हणाल्या, “पोचलास ना रे वर? मग झालं.”

कार्ल्याहून उतरून जुना रस्ता आणि रेल्वेमार्ग ओलांडला की पलीकडे मळवली, आणि पुढे भाजे. आता यांनाच थांबायचा सोस लागला होता. भाज्याला पायथ्याशी एका घरात झुणका-भाकरी मिळाली. सासूबाई तिथेच ओसरीवर पाय लांब करून बसल्या. हेही त्यांच्याजवळ बसले. मायलेकरं काय बोलली ते मी विचारलं नाही. मी आणि लेक पायऱ्या चढून लेण्यांत गेलो.

भाज्याची २२ लेणी कार्ल्याहूनही जुनी, इसवी सनाच्या आधीच्या काळापासूनची. इथे एका शिल्पात एक बाई ढोलक्यांसारखं वाद्य दोन हातांनी वाजवतेय आणि दुसरी नाचतेय. एक शिक्षिका आपल्या विद्यार्थिनींना लेणी दाखवत होत्या. आम्हीही मागे जाऊन उभ्या राहिलो. सहाव्या लेण्यापाशी त्यांनी सांगितलं, इथे लेख आहे, की हे एका नांगरणाऱ्याच्या बायकोचं दान. तिचं नाव कुणी ‘बाधा’ असं वाचतात, कुणी ‘बोधी’.

माझ्या अंगावर काटा आला. राणी नाही, शेठाणी नाही. नांगर धरणाऱ्याची बायको! तिनं ते पैसे कुठून साठवले असतील? भाताच्या कणगीतून? घरात काय सांगितलं असेल? ते काही लेखात नाही. पण दोन हजार वर्षांहून अधिक काळ झाला, तिचं दान दगडावर आहे. आणि आपल्या सासूबाईंचा सव्वा रुपया देव्हाऱ्यातल्या फडक्यात राहिला.

बाहेर आलं की समोर विसापूर आणि लोहगड. लोहगड तर २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. लेकीनं पुढच्या वेळचं बुकिंग तिथल्या तिथे करून टाकलं, “आई, नेक्स्ट टाइम तो!”

दुपारी लोणावळा. चिक्कीशिवाय कसं चालेल? सासूबाईंनी स्वतः दुकानात जाऊन शेंगदाण्याची, तिळाची, खोबऱ्याची अशी चिक्की निवडून घेतली. इथे गोष्ट सांगतात, की घाटातली रेल्वे बांधायला आलेल्या मजुरांना ताकद यावी म्हणून गूळ, शेंगदाणे आणि तुपाची गुडदाणी विकत, तिचीच पुढे चिक्की झाली.

त्या रेल्वेची आणखी एक गोष्ट मी घरी आल्यावर वाचली, ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे. बोरघाटातला हा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. २५ बोगदे, खोल दऱ्या, कॉलऱ्याच्या साथी. हजारो मजूर यात मेले. त्यांची नावं कुठेही कोरलेली नाहीत. या कामाचा ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज १८५९ मध्ये इथे येऊन थोड्याच काळात वारला. पुढे काय? तर त्याची विधवा बायको ॲलिस ट्रेडवेल हिनं तो ठेका आपल्या हातात घेतला, जाणकार अभियंते नेमले आणि काम पुरं करून दाखवलं. तिनं घाटातल्या कामाचे फोटोही काढले. आपण घाटात ‘डोळे मिटा, बोगदा आला’ म्हणतो ना, तेव्हा या बाईची आठवण काढायला हरकत नाही. आणि त्या बिननावाच्या मजुरांची, त्यांच्या मागे राहिलेल्या बायकांचीही.

आता थोडं कामाचं. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी हिरमुसू नका. पुणे-लोणावळा लोकल मळवलीला थांबते. तिथून भाजे चालत जाता येतं, कार्ल्याला रिक्षा मिळते. शनिवार-रविवार टाळा, गर्दीनं जीव नकोसा होतो. घरात गुडघेदुखीचं माणूस असेल तर सकाळी लवकर चढा, आणि चढायचं ते आता चढा, ‘पुढच्या वर्षी’ नको. पावसाळ्यात मावळ हिरवागार असतो, धबधबे सुंदर दिसतात, पण पाण्यात उतरायचा मोह आवरा. २०२४ च्या जूनमध्ये भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं बघता बघता वाहून गेली. डोंगरात वर पाऊस पडला की खाली पाणी कधी वाढेल याचा नेम नसतो. लहान मुलांचा हात तर सोडूच नका.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. आपल्या घरातल्या एखाद्या म्हातारीला एकदा सहज विचारा, “आई, वाटेत तुम्हाला कुठे थांबायचंय का?” काय उत्तर येईल सांगता येत नाही. कुणाला देवीला जायचं असेल, कुणाला माहेरच्या गावची नदी बघायची असेल, कुणाला नुसता चहा हवा असेल. आणि स्वतःलाही विचारा. आपलीही एखादी पुरचुंडी कुठेतरी बांधलेली असतेच की!

तीन दिवसांनी डोंबिवलीहून परत निघालो. हे न सांगता जुन्या रस्त्याला लागले. सासूबाई सवयीनं डाव्या खिडकीशी बसल्या होत्या. कार्ला आलं, त्यांनी हात जोडले. डोळे मात्र या वेळी मिटले नाहीत. काच खाली करून डोंगराकडे बघत राहिल्या.

मग पाच-सात मिनिटं गेली असतील, मागून आवाज आला, “कामशेतला चहा घेऊ या. थांबव रे गाडी.”

गाडी थांबली.